उसवायची शिवण

"सहा बॅगा हायत म्हणून तुमीच सांगितलं होतं ना? मग उघडल्या किती? एक. बाकीच्या काय शोभेला बसविल्या होत्या व्हय?"

दिग्विजय ओसरीवर येरझाऱ्या घालत शोरूमच्या माणसाशी फोनवर बोलत होता. आत खाटेजवळ बसून कस्तुराबाई मोसंबं सोलत होती आणि खाटेवर पडलेली सोनाली डोळे मिटून नवऱ्याचं बोलणं ऐकत होती. कस्तुराबाई दिग्विजयची आत्या. भाचेसुनेला बघायला म्हणून ती कळंबहून ढोकीला आली आणि इथंच राहिली, कारण सोनालीला कूस बदलायलाही कुणाचा तरी हात लागायचा.

"त्यांना जरा हळू बोला म्हणा, आत्या," सोनाली म्हणाली. "मला हसू आलं की बरगड्या दुखत्यात."

"हसण्यासारखं काय हाय त्यात?"

"शोभेला म्हणायलेत."

कस्तुराबाईनं फोडीवरचा पांढरा दोरा काढून फोड तिच्या तोंडाशी नेली. तिला हसू आलं नाही. तिला त्यातलं काही कळतच नव्हतं.

गेल्या आठवड्यात येडशीकडून घरी येताना फाट्यावर अपघात झाला होता. ऊस टाकून रिकामा निघालेला एक ट्रॅक्टर डावीकडून आला आणि सोनाली बसली होती त्या बाजूचं दार त्यानं पार आत दाबलं. दिग्विजयला खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. सोनालीच्या डाव्या बाजूच्या तीन बरगड्या मोडल्या. डोकं मात्र शाबूत राहिलं. छतातून एक पांढरी पिशवी पडद्यासारखी खिडकीवर उतरली आणि काच लागायची वाचली. डॉक्टरांनी सांगितलं, बरगड्यांना प्लास्टर नसतं. पडून राहा, आणि दुखलं तरी मधूनमधून खोल श्वास घेत जा.

येणारा-जाणारा प्रत्येक जण त्या एअरबॅगच्या पिशव्यांबद्दल काहीतरी सांगून जात होता. एक म्हणाला, गाडी ऐंशीच्या वर पळत असली तरच त्या उघडतात. दुसरा म्हणाला, पट्टा लावलेला असला तरच. तिसऱ्याच्या मते हल्ली कंपन्या जुन्याच पिशव्या नव्या गाडीत घालतात. बब्रुवान, कस्तुराबाईचा धाकटा भाऊ आणि दिग्विजयचा बाप, या कशातच पडला नाही. गाडीच्या पुढच्या फळीवर त्यानं स्वतःच्या हातानं तुळजाभवानीची पितळी मूर्ती चिकटवली होती. आईनं सुनेला वाचवलं, एवढंच तो प्रत्येकाला सांगायचा. कस्तुराबाई सगळ्यांचं ऐकायची आणि सगळ्यांचंच तिला खरं वाटायचं. हवेची पिशवी म्हणजे तिच्या डोळ्यासमोर फुटबॉलमधला ब्लॅडर यायचा. मग ती हवा भरतं कोण, आणि अपघात व्हायच्या आधी भरतं की नंतर, हे विचारायची तिला लाज वाटत होती.

फोन ठेवून दिग्विजय आत आला. खाटेच्या पायथ्याशी बसला आणि मोबाइलमधला फोटो त्यानं आत्यापुढं धरला.

"हे बघा. ही वरनं आली. ही बरोबर आली, मी न्हाय म्हणत न्हाय. पण ह्या सीटमधली? ती आलीच न्हाय. ती आली असती तर हिच्या बरगड्या वाचल्या असत्या."

"सीटमधी बी असती व्हय?"

"असती की. हितं, कडंला." त्यानं बोटांनी फोटो मोठा केला. "कंपनीची पट्टी असती बघा तिथं शिवलेली, नाव लिवलेली. त्या जागंतनं ती बाहेर पडती."

कस्तुराबाईनं चष्मा वर सरकवून फोटो पाहिला. सीटवर मरून रंगाचं रेक्झिनचं कव्हर होतं, वर चौकटीची शिवण, कडेला काळी पायपिंग. कव्हर तिनंच शिवलं होतं. भाच्यानं पहिली गाडी घेतली म्हणून आत्याकडून भेट. ते घालताना सीटच्या कडेला बोटभराची एक कापडी पट्टी बाहेर डोकावत होती, त्यावर इंग्रजी अक्षरं होती. शर्टाच्या कॉलरला असते तशी कंपनीची चिठ्ठी, असं समजून तिनं ती आत दुमडली होती आणि वरून शिवण मारली होती. दुहेरी. नायलॉनच्या जाड दोऱ्यानं.

"मोसंबं देता ना, आत्या?" सोनालीनं विचारलं.

कस्तुराबाईच्या हातातली फोड तशीच राहिली होती.

कस्तुराबाईचा नवरा रामलिंग याचं कळंबला बस स्टँडच्या मागं कुशनचं दुकान होतं. जीपच्या गाद्या, ट्रॅक्टरच्या सीटा, मोटारसायकलींची कव्हरं. लग्न होऊन आली तेव्हा ती पोळ्याला बैलांच्या झुली शिवायची. त्यानं तिला रेक्झिनवर बसवलं. तो कमी बोलणारा माणूस होता, पण धंद्याचं एक वाक्य मात्र त्यानं तिला पुन्हा पुन्हा ऐकवलं होतं. कापड फाटावं, टाका सुटू नये. तो गेल्यावर दुकान तिनंच चालवलं, आणि ते वाक्यही. बाजारात लोक चेष्टेनं म्हणायचे, कळंबात सोयरिकी मोडतील, भावकी फुटेल, पण कस्तुराबाईची शिवण उसवायची नाही. ती चेष्टा तिला आवडायची. एकटीनं आयुष्य काढलेल्या बाईला गावानं दिलेली ती पदवीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान फार दिवस बंद आहे असं सांगून, ती एसटीनं कळंबला आली. दुकानाकडं वळलीच नाही. पिशवीत कात्री घेऊनच निघाली होती. ती थेट व्यंकटच्या गॅरेजवर गेली. दिग्विजयची गाडी तिथंच ओढून आणली होती.

गॅरेजच्या मागच्या मोकळ्या जागेत गाडी उभी होती. उजवीकडून पाहिली तर काहीच झालं नव्हतं. डावीकडून पाहवत नव्हतं. दार काढून भिंतीला टेकवून ठेवलं होतं. छतातून आलेली पांढरी पिशवी खिडकीवर लोंबत होती, वाऱ्यानं जरा हलायची. कस्तुराबाईनं ती आधी हातात धरून पाहिली. तिला वाटलं होतं तसं रबर नव्हतं ते. कापड होतं. पातळ, दाट विणीचं, चांगलं कापड. कापड आहे हे कळल्यावर तिला जास्तच भीती वाटली, कारण कापडाचं तिला कळत होतं.

मग ती सीटकडं वाकली. शिवण तशीच होती. तिनं आपल्या पिशवीतून कात्री काढली.

"मावशी, कात्री खाली ठिवा आधी."

व्यंकट हात पुसत मागून येत होता. दुकानाला दुकान लागून असल्यासारखी त्यांची ओळख. तो गाड्या दुरुस्त करायचा, तिच्याकडं कुशनला पाठवायचा.

"माझंच कव्हर हाय रे. उसवून बघती."

"कव्हर तुमचं हाय, आतलं तुमचं न्हाय. न उघडलेली बॅग म्हंजी न उडालेला फटाका. सुरी-कात्री लावली, नायतर वायरीला धक्का लागला, तर तोंडावर यील. म्या स्वतः हात लावताना आधी बॅटरी काढून ठिवतो अन् थांबतो." तो जवळ आला. "ह्या गाडीची बॅटरी म्या पहिल्याच दिवशी काढलीया. पण तुम्हाला काय बघायचंय ते तर सांगा."

तिनं दुसरंच विचारलं, की यात हवा भरतं कोण.

व्यंकटनं हसण्यावारी नेलं नाही. त्यानं उघड्या दाराच्या खांबावर बोट ठेवून दाखवलं, की इथं धक्का ओळखणारं एक छोटं यंत्र असतं. धक्का जोराचा आहे असं त्याला वाटलं की ते वायरीतून कळवतं, मग पिशवीच्या बुडाशी असलेल्या डबीत बार उडतो आणि गॅस भरतो. पापणी लवायच्या आत. आणि भरली की लगेच मोकळीही होते, माणूस तिच्यात दडपून राहू नये म्हणून. समोरून धडक बसली तर पुढच्या उघडतात, बाजूनं बसली तर बाजूच्या. सहाच्या सहा एकदम उघडत नाहीत, उघडायच्याही नसतात. हे सगळं त्यानं दिग्विजयला सांगितलं होतं, पण तो ऐकायच्या तयारीत नव्हता.

"पट्टा लावला तरच उघडती म्हणत्यात?"

"पट्टा बॅगसाठी न्हाय, माणसासाठी हाय. पट्टा माणसाला जागंवर धरतो, मग बॅग त्याला झेलती. पट्टा नसला अन् माणूस आधीच पुढं कलला, की तीच बॅग थोबाडीत बसती. अन् तसंच ते." त्यानं गॅरेजच्या फळीकडं मान वळवली. तिथं तेलाच्या डब्यांशेजारी बब्रुवाननं चिकटवलेली देवीची मूर्ती ठेवली होती, पुढं उदबत्ती खोचली होती. "पुढच्या बॅगच्या झाकणावर बरोबर बसविली होती. समोरून ठोकली असती तर आईच सुनंच्या तोंडावर आली असती. म्हणून हितं बसविलीया. तुमच्या भावाला अजून सांगितलं न्हाय."

कस्तुराबाईनं मूर्तीला हात जोडले. ज्या देवीनं सोनालीला वाचवलं असं घर म्हणत होतं, तीच तिला लागली असती. तिच्या मनात आता काहीच नीट बसत नव्हतं.

"मग सीटमधली का न्हाय उघडली?" शेवटी तिनं विचारलं.

व्यंकटनं डोकं खाजवलं. "तेच मला बी कळंना. विम्याचा सर्व्हेअर आला होता त्या दिवशी तेवढ्यापुरती बॅटरी जोडून गाडीला कंप्युटर लावला. कंप्युटर म्हणतो, सीटमधली उडाली. डोळा म्हणतो, न्हाय उडाली. मग दोघांतलं खोटं कोण?"

सीटच्या कडेला असलेल्या शिवणीवर तिनं तळहात ठेवला. रेक्झिन तिथं ताणलेलं होतं, आतून काहीतरी दाटून बसल्यासारखं. नवऱ्याकडून रेक्झिनची शिवण शिकली त्या दिवसापासून तिनं हाताखालून गेलेल्या प्रत्येक शिवणीकडून एकच गोष्ट मागितली होती. आज ती पहिल्यांदा उलटं मागत होती. एखादा टाका सुटलेला असू दे. खालच्या बाजूला, जिथं आपल्याला दिसत नाही तिथं, थोडी उसवलेली असू दे. तिनं बोट वरपासून खालपर्यंत फिरवलं. टाक्याला टाका लागून होता. एकही सुटला नव्हता.

"सीटखालची कव्हरची हुकं काढ," ती म्हणाली. "कात्री न्हाय लावत."

आता व्यंकट तिच्याकडं बघायला लागला. मग त्याच्याही ध्यानात आलं असावं, कारण तो गुडघ्यावर बसला, सीटखाली हात घातला आणि एकेक हूक सोडवत गेला. सैल झालेलं कव्हर त्यानं सावकाश वर सोलून काढलं.

आतून पांढरं कापड बाहेर आलं. धुण्याच्या पिळ्यासारखं, चोळामोळा झालेलं, सीट आणि कव्हर यांच्या मधल्या फटीतून मागच्या बाजूला शिरलेलं. त्याच्यावर पीठ उडावं तशी बारीक भुकटी होती.

"कंप्युटर खरं बोलत होता," व्यंकट हळूच म्हणाला.

कस्तुराबाई खाली बसली. चष्मा पुसून पुन्हा लावला आणि कंपनीच्या मूळ सीटची कड तिनं डोळ्याजवळ घेतली. तिथं एक शिवण सरळ रेषेत उकलली होती. कापड कुठंही फाटलं नव्हतं. फक्त दोरा, टाक्यामागून टाका, तुटत गेला होता. आणि उकललेली रेषा जिथं संपत होती, तिथून वरची आणि खालची शिवण धडधाकट होती. उकललेल्या तेवढ्या भागातला दोरा वेगळा होता. बारीक. टाकाही वेगळा होता. तिनं तुटलेलं एक टोक चिमटीत धरून पाहिलं. हे कुणाच्या हातून चुकून झालेलं नव्हतं. कुणीतरी बसून, ठरवून, नेमकी एवढीच शिवण उसवण्यासाठी शिवली होती, आणि वेळ आल्यावर ती बरोबर उसवली होती.

"ही कुणी शिवली आसंल रे?"

"कुठं तरी एखादी बाईच बसत आसंल मशीनवर. काय माहीत."

"चांगली शिवलीया," कस्तुराबाई म्हणाली.

तिचं कव्हर व्यंकटच्या मांडीवर पडलं होतं. त्याची शिवण शाबूत होती. तिनं व्यंकटला विचारलं, की ही पिशवी बाहेर आली असती तर बरगड्या वाचल्या असत्या का. तिला वाटलं, तो होय तरी म्हणेल किंवा नाही तरी म्हणेल. जे म्हणेल ते घेऊन ती घरी जाणार होती.

"मावशी, तो ट्रॅक्टर होता. दार केवढं आत आलंय बघितलं न्हवं तुम्ही? बॅग आली असती तर कमी लागलं असतं, एवढं वाटतं. पण तीन मोडल्या त्या एक मोडली असती का एक बी न्हाय, ते म्या सांगू शकत न्हाय. कोणच न्हाय सांगू शकत."

"म्हंजी मला कळणारच न्हाय."

"न्हाय."

कव्हर गुंडाळून पिशवीत घालताना तिनं आणखी एकच विचारलं. कंपनीसारखा बारीक दोरा तिनं त्या जागी घातला तर? व्यंकटनं मान हलवली. तो दोरा आणि तो टाका कंपनी गाड्या आपटून-आपटून ठरवते, आपण अंदाजानं घालायचा नाही. अशा सीटला कव्हर न घालणंच बरं. आणि घालायचंच तर ती बाजू पूर्ण मोकळी सोडायची, पट्टी दिसली पाहिजे.

"मोकळी?" तिनं परत विचारलं. "नुसती उघडी?"

"उघडी."

ढोकीला ती त्याच दिवशी परत गेली. एसटीत पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं, की ती कशाला चालली आहे. माफी मागायला, की उगाच स्वतःच्या अंगावर घेऊ नको असं कुणीतरी म्हणावं म्हणून. घरी पोचली तेव्हा बब्रुवान ओसरीवर पान लावत होता आणि दिग्विजय शोरूमला द्यायच्या तक्रारीचं कुणाशी तरी बोलत होता. तिनं पिशवीतून कव्हर काढून त्याच्यापुढं पसरलं.

"फोन ठेव जरा, दिग्या."

तिनं सांगितलं. पट्टी आत दुमडली ते, दुहेरी शिवण मारली ते, आत चोळामोळा झालेलं कापड सापडलं ते. सांगताना तिची जीभ एकदोनदा अडखळली, कारण बार, डबी, गॅस हे शब्द तिचे नव्हते. शिवणीबद्दल बोलताना अडखळली नाही.

दिग्विजयनं कव्हर उचललं, दोन्ही हातांनी शिवण ताणून पाहिली. पुन्हा ताणली.

"म्हंजी कंपनीची चालली होती."

"व्हय."

"तुमच्या शिवणीनं धरून ठिवली."

"व्हय, बाळा."

बब्रुवाननं पानाचं तबक बाजूला सरकवलं. "अक्का, गप बस बरं. तू काय मुद्दाम केलंस का? कंपनीची चूक निघत असली तर निघू दे. तुझ्या शिवणीची वार्ता कशाला गावात करायलीस?"

तसं पाहिलं तर भाऊ तिला वाचवतच होता. कस्तुराबाईला ते कळत होतं, आणि क्षणभर ते बरंही वाटलं. पण कव्हर दिग्विजयच्या हातात होतं आणि तो शिवणीवरून अंगठा फिरवत होता, जसा तिनं सकाळी फिरवला होता.

आतून सोनालीचा आवाज आला. खोल श्वास घेऊन, मध्ये थांबत ती म्हणाली, "पट्टी आत घाला म्हणून मीच म्हणले होते, आत्या. बाहेर लोंबती, चांगली दिसंना म्हणून. तुम्ही इसरलाव."

कस्तुराबाईला ते खरंच आठवत नव्हतं. सोनाली तिला सांभाळून घेत होती, की तसं झालं होतं? दाराच्या उंबऱ्यावर उभी राहून तिनं खाटेकडं पाहिलं. सोनालीनं डोळे मिटून घेतले होते.

दिग्विजयनं कव्हर खाली ठेवलं, पायात चपला घातल्या आणि शेताकडं निघून गेला. शोरूमला मात्र त्यानं पुन्हा फोन केला नाही.

त्यानंतर कस्तुराबाई कळंबला आली ती दुकानातच राहिली. ढोकीहून सोनालीचा फोन यायचा, श्वास आता बरा येतो, उठून बसते, असं ती सांगायची. दिग्विजयचा कधी आला नाही. तिनं विचारलंही नाही.

दुकानासमोर गाडी थांबली की आता ती आधी सीटची कड बघायची. जुन्या गाड्यांना पट्टी नसायची, त्यांचं काही नव्हतं. पट्टी असली की ती म्हणायची, ह्याला कव्हर नको, आहे तसंच राहू द्या. फारच आग्रह केला तर ती कड उघडी ठेवूनच शिवून द्यायची. बहुतेक जण दुसऱ्या दुकानात जायचे. पूर्वी ज्यांना शिवून दिलं होतं त्यांतले दिसले, की रस्त्यात थांबवून ती कव्हर सोडवून घ्यायला लावायची आणि दुकानात बसून त्या बाजूचे टाके स्वतःच्या हातानं उसवून पट्टी बाहेर काढून द्यायची. बाजारात नवी चेष्टा निघाली. म्हातारी जन्मभर शिवत बसली, आता उसवत फिरती. एका शिक्षकांनी, राघवेंद्र सरांनी, तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि कडेला उघडी ठेवलेली कव्हरं घेतली. चार दिवसांनी परत येऊन म्हणाले, "बाई, घरात हिला आवडेना. शिवण राहिल्यासारखी दिसते. तेवढी मारूनच द्या." तिनं मारून दिली नाही. ते रागावले नाहीत. वयाचा मान राखून कव्हरं तिथंच ठेवून गेले.

रामलिंगच्या फोटोकडं बघून तिला कधीकधी वाटायचं, याला हे कसं सांगायचं. तोही गोंधळला असता. किंवा कदाचित नसता. तो बैलगाड्यांच्या काळातला माणूस. बैलाच्या मानेखालची गाठ एका ओढीत सुटेल अशीच बांधतात, हे त्यानंच तिला एकदा दाखवलं होतं. पण ती गाठ होती, शिवण नव्हती.

गाडी दुरुस्त होऊन आली तेव्हा सोनाली येईल असं तिला वाटलं नव्हतं. भर दुपारी दुकानासमोर गाडी थांबली. उजवीकडून दिग्विजय उतरला, रस्ता ओलांडून पलीकडच्या टपरीपाशी जाऊन मोबाइल बघत उभा राहिला. डाव्या बाजूनं सोनाली उतरली. उतरताना तिनं हात बरगड्यांवर धरला होता, सवयीनं.

"कव्हर शिवायचं, आत्या."

"घालू नको म्हणून सांगितलंय ना व्यंकटनं."

"पांढरी सीट हाय, लई मळती. तुमच्याच हातचं पाहिजे." मग ती जरा थांबली. "मला नुसतं बसाय नको वाटतं त्या सीटवर. कायतरी तुमचं असू दे."

कस्तुराबाईनं गाडीत डोकं घातलं. पुढची फळी मोकळी होती. मूर्तीच्या जागी फक्त गोंदाचा डाग होता. मूर्ती बब्रुवाननं घरात देव्हाऱ्यात नेऊन बसवली होती, सोनालीनं सांगितलं. सीट नवी होती, कंपनीची. कडेला पट्टी होती. त्या पट्टीशेजारची शिवण कस्तुराबाईनं ओळखीच्या माणसाकडं बघावं तशी पाहिली, पण हात लावला नाही.

तिनं माप घेतलं आणि दुपारभर शिवत बसली. सोनाली बाकावर बसून ढोकीच्या गोष्टी सांगत होती, कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या म्हशीनं कुणाला पाडलं. मधेच हसत होती आणि हसता येतं म्हणून पुन्हा हसत होती. वर, खाली, पाठीला, बैठकीला कस्तुराबाईनं पूर्वीसारखीच दुहेरी शिवण मारली. डाव्या कडेला आली तेव्हा पाय मशीनवर थांबला. ती कड तिनं फक्त दुमडून घेतली, की सुतं निघू नयेत. दोन्ही काठ वेगवेगळे राहिले. कव्हर सीटवर चढवलं तेव्हा तिथं लांब उभी फट दिसत होती आणि फटीत पट्टी.

दिग्विजय रस्ता ओलांडून आला. आत्याकडं न बघता वाकला. सीटच्या पाठीवरून, चौकटीच्या शिवणीवरून त्याचा हात खाली आला आणि फटीशी थांबला.

"हितली शिवण राहिली," तो म्हणाला.

कस्तुराबाईनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. टोमणा होता, की चेष्टा, की लहानपणी दुकानात येऊन तो तिच्या कामात चुका काढायचा तसं काही. तिला कळलं नाही. त्याचा चेहरा गाडीच्या आत होता, सावलीत.

"राहिली न्हाय," ती म्हणाली. "ठिवलीया."

त्यानं मान हलवली की नाही, तेही तिला नीट दिसलं नाही. दुमडलेला पट्टीचा कोपरा मात्र त्यानं बोटानं सरळ केला. मग सोनाली बसल्यावर दार स्वतः लावलं, खिडकीतून हात घालून तिचा पट्टा ओढून पाहिला आणि पलीकडं जाऊन गाडी चालू केली.

गाडी स्टँडच्या वळणावर दिसेनाशी झाली. कस्तुराबाई आत येऊन मशीनपाशी बसली. त्या एका बाजूसाठी सवयीनं, मापानं सोडलेला नायलॉनचा दोरा सुईत तसाच होता. तिनं तो सुईतून ओढून काढला, बोटाला गुंडाळून पाहिला, आणि रिळावर परत गुंडाळून ठेवला.